मन्मथअप्पांचे निऑन

मन्मथअप्पांच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी असायची, कपाळावर भस्माची तीन बोटं, आणि घरात चाळीस मासे. या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या की नवा माणूस हमखास तोच प्रश्न विचारायचा. "अप्पा, तुम्ही तर खात न्हाई. मग पाळता कशापायी?"

अप्पांचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही घरात नातवंडं ठेवलीत, ती काय खायला?"

लातूरला औसा रोडच्या मागच्या अंगाला आमची आठ घरांची बिल्डिंग आहे. अप्पा पहिल्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा नोकरीला नांदेडला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. अप्पांविषयी लिहायचं तर मला थोडं माझ्याविषयीही लिहावं लागणार आहे. म्हणूनच इतकी वर्षं लिहिलं नाही.

अप्पा मूळचे उदगीरचे. तिथल्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बेडूक आणायचे, ट्रे धुवायचे, कपाटातल्या बरण्या पुसायच्या. बायको गेली, मुलगी शैला लग्न होऊन नांदेडला गेली, आणि निवृत्तीनंतर हे लातूरला या दोन खोल्यांत आले. पुढच्या खोलीत सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी आणि तिच्यासमोर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. एक त्यांची, एक येणाऱ्याची.

"तीस वर्सं बरण्यांतले मेलेले मासे पुसले, मॅडम," एकदा ते म्हणाले. "औषधात बुडवले की सगळे एकाच रंगाचे होतेत. पांढरट, पिवळट. बरणीवरच्या चिठ्ठीत लिवलेलं असायचं, असा रंग, तसा रंग. म्या म्हणायचो, खरं सांगतेत की थापा मारतेत? रिटायर झाल्यावर बघूच म्हणलं एकदा."

त्यांनी पाळले ते निऑन टेट्रा. बोटाच्या पेराएवढा मासा. अंगावर डोळ्यापासून निघालेली निळी रेघ आणि तिच्याखाली तांबडी. एकटा पाहिला तर खेळण्यातला वाटावा. पण चाळीस जण हिरव्या पानांमधून निघायचे तेव्हा निळ्या रेघांची एक ओढणीच पाण्यातून सरकल्यासारखी वाटायची. एक वळला की सगळे वळायचे. पुढारी कोण ते मी पुष्कळ शोधलं. पुढारी नव्हताच. अप्पांना हे फार आवडायचं. "हितं मेंबर न्हाई, चेअरमन न्हाई, तरी बघा, टक्कर होत न्हाई," ते म्हणायचे, आणि हे शक्यतो आमच्या सोसायटीची मीटिंग झाली की म्हणायचे.

सोसायटीत त्यांचं फारसं कुणाशी जमत नसे, हे सांगायलाच हवं. माणूस तुसडा नव्हता, पण माशांच्या बाबतीत हट्टी होता. आमचे सेक्रेटरी गिरीसाहेब यांच्या मुलीचा वाढदिवस होता. तिला बरणीत दोन मासे ठेवायचे होते. गिरीसाहेब स्वतः खाली आले.

"अप्पा, दोन द्या की. तुमच्याकडं काय कमी आहेत?"

"दोन देत न्हाई. धा घ्या, अन् टाकी घ्या. न्हाईतर नका घेऊ."

"अहो, पोरगीच्या हौसेपायी मागायलो. दोनानं काय होतंय?"

"गरीब जात हाय ही. कुणाच्या वाटेला जात न्हाई, कुणाला चावत न्हाई. पण दोघं-दोघं ठेवलं की भिऊन कोपऱ्यात बसतंय, रंग सोडतंय, अन् आठ दिसांत मरतंय. पोरीच्या वाढदिवसाला मरणारं जनावर देऊ व्हय?"

गिरीसाहेब हसत परत गेले, पण ते हसणं बरोबर नव्हतं. वाढदिवसाच्या दिवशी "मरण" हा शब्द काढल्याचं त्यांच्या बायकोनं पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

आणि हाच माणूस नव्या माशांशी किती अदबीनं वागायचा! नांदेडच्या दुकानातून पिशवीत मासे आले की ती पिशवी तशीच बंद करून टाकीत तरंगत ठेवायची. अर्ध्या तासानं तोंड सोडून वाटीभर टाकीतलं पाणी तिच्यात घालायचं. परत थांबायचं, परत वाटीभर. असं तासभर. मी म्हटलं, "अप्पा, सोडा की एकदाचे." त्यावर ते म्हणाले, "पाव्हणा दारात आला की त्याला एकदम चुलीपाशी नेतो का आपण? पाय धुवायला पाणी देतेत, बसा म्हणतेत, घरची हवा लागू देतेत."

पाण्याच्या बाबतीत त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. आमच्या बोअरचं पाणी जड. "ह्यात डाळ शिजत न्हाई, मासा काय जगंल?" म्हणून त्यांनी गच्चीवर दोन निळे ड्रम ठेवले होते. पावसाळ्यात पन्हाळीखाली फडकं बांधून पाणी गाळून भरायचं, झाकण लावायचं, वर्षभर पुरवून वापरायचं. टाकीतलं छोटी बादलीभर पाणी आठवड्याला काढायचे आणि तेवढंच पावसाचं घालायचे. काढलेलं पाणी जिन्यातल्या कुंड्यांना.

एकदा मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या शाळेत देशी बदामाचं झाड हाय म्हणं. पानं आणून द्याल का? झाडानं आपण होऊन टाकलेली पायजेत, तोडलेली न्हाई." मी पोरींना घेऊन पिशवीभर वाळकी, तांबूस पानं गोळा केली. अप्पांनी ती धुतली, तीन पानं पाण्यात सोडली. दोन दिवसांत टाकीतलं पाणी फिक्या चहासारखं झालं. मला वाटलं घाण झालं. अप्पा मात्र खूश. "हे लई लांबच्या जंगलातल्या नदीतले. तिथं पानं पडून पडून पाणी असंच ऱ्हातंय. आता बघा, त्यास्नी माहेरी आल्यावाणी वाटंल." आणि खरंच, त्या काळसर पाण्यात ती निळी रेघ आधीपेक्षा दुप्पट उजळ दिसायला लागली.

त्यानंतर दर महिन्याला मी पानं आणायची आणि दुसऱ्या खुर्चीत बसून चहा प्यायची. एका दुपारी लाइट गेली होती. खाली उतरले तर अप्पा टाकीशी उभे राहून स्टीलच्या तांब्यानं पाणी उचलत होते आणि वीतभर उंचावरून परत ओतत होते. पंप बंद पडला की पाण्यात हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात. लाइट किती वेळ गेलीय विचारलं तर म्हणाले, "दोन तास झाले असतील." मी तांब्या घेतला. आळीपाळीनं आम्ही अजून तासभर तेच केलं. "हात दुखला की सांगा," ते म्हणत राहिले. माझा दुखत होता, मी सांगितलं नाही. त्या तासात त्यांनी बायकोविषयी सांगितलं, उदगीरच्या घराविषयी सांगितलं. लाइट आली, पंप बुडबुडायला लागला, तेव्हा त्यांनी माशांकडे पाहून दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे वळून तसेच जोडले. मला अवघडल्यासारखं झालं. असे हात मला कुणी जोडले नव्हते.

त्यांची-माझी अशी ओळख होती. पुढचं सांगताना हे विसरू नये म्हणून आधी सांगितलं.

मग ते वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते. नळ तर केव्हाच बंद पडले होते, बोअरही आटलं. आठवड्याला एक टँकर ठरवला होता. टँकर आला की खालच्या हौदातलं पाणी मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि प्रत्येक घरानं आपापल्या नळानं पंधरा बादल्या घ्यायच्या. कुलूप नव्हतं, पहारा नव्हता. विश्वासावर होतं सगळं. आणि आठही घरं तो विश्वास पाळत होती. भांडखोर लोकसुद्धा. मला त्याचा अभिमान वाटायचा, शाळेत पोरांना सांगायची मी.

एप्रिल संपत आला होता. सकाळी बाथरूमचा नळ सोडून पाहिला, कोरडा. तेवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, पेपर तपासायला दुसऱ्या केंद्रावर जायचं होतं. मी तशीच निघाले. नळ बंद करायचा राहिला.

टँकर त्या दिवशी ठरल्यापेक्षा लवकर, अकरालाच आला. सगळं पाणी वर चढवलं. उन्हं उतरल्यावर सगळ्यांनी भरायचं ठरलं होतं. मी साडेतीनला परतले. दार उघडलं तर आतून थेंब पडल्याचा आवाज. बाथरूममध्ये नळाखालची बादली काठोकाठ भरलेली, फरशी ओलीचिंब, मोरीच्या जाळीशी शेवटचं पाणी गोल फिरत होतं. आणि नळातून एकेक थेंब. म्हणजे वरची टाकी रिकामी झाली होती.

मी काय केलं ते सांगते. आधी नळ बंद केला. मग फडकं घेऊन फरशी कोरडी केली, कोपरेसुद्धा. पंखा लावला. भरलेली बादली उचलून स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली आणि तिच्यावर परात झाकली. हे सगळं मी घाबरून केलं असं म्हणता येईल, पण माझे हात अगदी शिस्तीत चालत होते.

पाच वाजता खाली गलका झाला. सगळे पार्किंगमध्ये जमले होते. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी वर्षा बाळंतीण होती, बारा दिवसांचं बाळ. ती जिन्यात बसून रडत होती. "बाळाचे कपडे कशात धुऊ? सकाळपासून तसेच पडलेत." पुढचा टँकर आठ दिवसांनी.

"कुणी घेतलं पाणी?" गिरीसाहेब ओरडत होते. "अख्खी टाकी गेली कुठं? सांगा, अजूनही सांगा, कुणी काय म्हणणार न्हाई."

कुणी काय म्हणणार नाही, असं ते खरंच म्हणाले होते. मी ऐकलं होतं. तोंड उघडायला तेवढी फट पुरेशी होती.

तळमजल्यावरचे एक जण म्हणाले, "पाणी कुणाला लागतंय जास्त? बघा की विचार करून. काचंत भरून ठेवलंय."

गिरीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांच्या वरच राहते, त्यांच्याकडे माझं जाणं-येणं, म्हणून पाहिलं असेल. मी म्हणाले, "सकाळी अप्पा टाकीचं पाणी बदलत होते. मी जाताना पाहिलं."

हे वाक्य खरं होतं. दार उघडं होतं, ते ती छोटी बादली काढत होते. पावसाच्या पाण्याचा ड्रम, आठवड्याचा हिशेब, कुंड्या, मला सगळं ठाऊक होतं. तरी मी एवढंच वाक्य बोलले आणि थांबले. आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन, पण त्या खऱ्या वाक्याइतकं खोटं कधी बोलले नाही.

लोक वर गेले. मी मागं, शेवटच्या पायरीवर. अप्पांनी दार उघडलं. त्यांच्या पाठीमागं ती चार फुटी टाकी लखलखत होती, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली, आणि मासे निवांत फिरत होते. आठ दिवस कोरडा घसा घेऊन जगायचं ज्यांच्या नशिबी आलं, त्यांना अजून कसला पुरावा लागणार होता?

"अप्पा, मासे जगवायचेत की माणसं?" गिरीसाहेबांनी विचारलं.

"म्या आज नळाला हात लावला न्हाई," अप्पा म्हणाले.

"मग हे काय आहे?"

"हे पावसाचं हाय. जुनं."

"पावसाचं!" कुणीतरी हसलं. "कुठं पडला हो पाऊस, आम्हाला न्हाई दिसला!" आणि जिन्यातून वर्षाचा आवाज आला, "चोर हाय हा म्हातारा, चोर!"

अप्पांनी एकदा वर, छताकडं पाहिलं. मग लोकांच्या डोक्यांवरून माझ्याकडं. मला वाटलं देवाला साक्षी ठेवत आहेत. मी खाली पायरीकडं पाहत राहिले.

ते आत गेले, खुंटीवरची गच्चीची किल्ली घेऊन आले आणि वर गच्चीवर चढले. दोन्ही ड्रमची झाकणं उघडली. एक पाऊण भरलेला, एक अर्धा. "पहिल्या दोन कळश्या बाळंतिणीला द्या," ते म्हणाले. मग बाजूला उभे राहून ड्रम रिकामे होईपर्यंत थांबले. मीही एक कळशी नेली. न नेणं दिसून आलं असतं.

त्यांनी पाणी वाटलं, तोच लोकांना कबुलीजबाब वाटला. "चोरलेलं परत दिलं," असं दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापर्यंत पोचलं.

पावसाचं पाणी संपल्यावर टाकी कशी टिकणार? उन्हानं रोज बोटभर पाणी उडायचं. टँकरचं घालायचं तर ते जड, आणि आता नळाला हात लावायची सोयच उरली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं पहिल्यांदाच पाहत होते.

"मॅडम, थर्माकोलचा डबा हाय का? मासे नांदेडला नेऊन सोडतो दुकानात. तिथं गोदावरी हाय, पाण्याचा वांदा न्हाई."

माझ्याकडं आंब्याच्या पार्सलचा डबा होता. मी आणून दिला. त्यांनी तो घेतला, पण गेले नाहीत. उंबऱ्यापाशी तसेच उभे राहिले.

"अजून काही पाहिजे का, अप्पा?"

"न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हाला काही...?"

"नाही," मी म्हणाले.

ते मान हलवून जिना उतरले.

पिशव्यांभोवती ओली फडकी गुंडाळून, डबा मांडीवर घेऊन ते एसटीनं गेले. भर उन्हात, तीन-साडेतीन तास. किती पोचले हे मी विचारलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा डबा रिकामा होता आणि त्यांनी तो धुऊन माझ्या दाराशी ठेवला होता. त्या टाकीतलं चहाच्या रंगाचं पाणी त्यांनी बादलीबादलीनं काढून कुंड्यांना घातलं. पुढं दोन महिने ते रिकाम्या काचेसमोर त्याच खुर्चीत बसलेले दिसायचे. दार उघडंच असायचं. मी जाता-येता पावलं जलद टाकायची. पाऊस सुरू झाला तेव्हा शैला आली आणि त्यांना नांदेडला घेऊन गेली.

मला वाटलं होतं, विसरेन. पाऊस पुढं बरा झाला, बोअरला पाणी आलं, बिल्डिंगमध्ये नवी माणसं आली. मी मात्र नळ बंद केला की परत जाऊन पाहते, आणि परत एकदा. नवरा विचारतो, काय झालं? मी त्यालाही सांगितलेलं नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी मी नांदेडला श्रीनगरच्या बाजूला एका दुकानापुढून जात होते. काचेत टाक्यांच्या रांगा, आणि आत स्टुलावर अप्पा. ते तिथं नोकरीला नव्हते. रोज सकाळी येऊन टाक्या पुसायचे, आजारी मासे वेगळे काढायचे, गिऱ्हाइकांशी वाद घालायचे. मालकाला ते चालत होतं. बारीक झाले होते, पण भस्म तसंच.

"बसा, मॅडम," ते म्हणाले, जणू कालच भेटलो होतो. चहा मागवला. नवरा कसा आहे विचारलं. शाळा विचारली. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. नळ, रिक्षा, फरशी, परात. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

अप्पा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"तुमच्या मोरीचा पाइप माझ्या भिंतीतून जातोय. अकरापास्नं तीनपर्यंत पाणी पडायलं होतं. वर येऊन दार वाजवलं म्या, दोनदा. कुलूप होतं. वरचा कॉक बंद करावा म्हणून गच्चीवर बी गेलो, पण त्याला पान्हा लागतोय. गिरीसाहेबाकडं गेलो तर ते बाहेर गेलते."

"मग त्या संध्याकाळी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही व्हय म्हणला असता का?"

पंपांचा आवाज दुकानभर येत होता.

"म्या वाट बघितली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात माया होती असंही मी म्हणणार नाही. "वाटलं, आज येतील, उद्या येतील. डबा मागायला आलतो, तवा डबा तर माझ्याकडं बी होता."

मी रडायला लागले. गिऱ्हाईक आलं होतं, ते बघायला लागलं. अप्पांनी मला थांबवलं नाही की समजूत घातली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, मॅडम? मला तर ठाऊकच होतं. ज्यास्नी ठाऊक न्हाई त्यास्नी सांगा."

आणि उठून ते एक टाकी पुसायला लागले.

लातूरला परतल्यावर मी पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं. मग गिरीसाहेबांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "जाऊ द्या हो मॅडम. होतंय असं. तसाही म्हातारा विचित्रच होता." त्यांच्या बायकोनं पोहे आणले. मी पोहे खाल्ले. अप्पा विचित्र नव्हते, एवढं वाक्यसुद्धा मला तिथं बोलता आलं नाही. अजून एका घरी सांगितलं. तिथंही तेच, जाऊ द्या, जुनं झालं. उरलेल्या दारांपुढं मी जायची आणि परत यायची. वर्षा तर केव्हाच बिल्डिंग सोडून किल्लारीला सासरी गेली होती. तिचा नंबर माझ्याकडं होता. तो मी लावला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर शैलाचा फोन आला. अप्पा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाली. त्या आठवड्यात मी राहिलेली सगळी दारं वाजवली आणि शेवटी वर्षाला फोन केला. तिला सगळं ऐकवलं.

"मॅडम," ती म्हणाली, "अप्पांनी दिलेल्या पाण्यानं माझ्या लेकीला आंघोळ घातली होती मी. अन् त्या माणसाला सगळ्यांपुढं चोर म्हणाले मी. आता मी कुणाला सांगू?"

तिनं फोन ठेवला. परत लावायचं धाडस मला झालेलं नाही.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवाळीच्या आधी. गिरीसाहेबांना सांगून झालं होतं. तेवढं तरी अप्पांच्या कानावर घालावं म्हणून नांदेडला गेल्यावर मी दुकानाकडं निघाले. रस्त्याच्या पलीकडं पोचले आणि थांबले. दोनच घरं झाली होती. "वर्षाला सांगितलं का?" असं त्यांनी विचारलं असतं तर?

आत अप्पा एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. सदऱ्याची बाही वर खोचलेली, चष्मा दोरीला लोंबकळत. पाण्यातलं एक रोप सुटून वर आलं असावं, ते परत वाळूत रोवत होते. हळू, बोटांनी चाचपत. रोवून झालं, हात बाहेर काढला, धोतराला पुसला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडं पाहिलं.

मी घाईनं पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधत राहिले. मान वर केली तेव्हा ते अजून तसेच, काचेतून इकडंच पाहत उभे होते. एक ऑटो माझ्यापुढं येऊन थांबला. "कुठं जायचं, बाई?" त्यानं विचारलं. मी आत बसले.